काड्यांची वही

नाशिक, १८ जून १९९५

सहादूभाऊंना जयराम गुरुजींचा रामराम.

हे पत्र रूपालीने वाचून दाखवावं. रूपाली, पोरी, सावकाश वाच आणि पूर्णविरामाला थांब. चौथीत तुला मी तेवढं तरी नीट शिकवलंय.

बदलीची ऑर्डर अचानक आली. उपनगरच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या आहेत. शाळा जवळ आहे, नळाला सकाळी तासभर पाणी असतं, आणि लताला आता घोटीच्या बाजारासाठी चार मैल चालावं लागत नाही, त्यामुळे ती खूश आहे. वाडी सोडताना तुमच्या घरी यायचं राहिलं. टेम्पोवाला फार घाई करत होता.

तुम्हाला जानेवारी-फेब्रुवारीत अकरा दिवस आत बसावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. पंचनाम्यावर माझी सही आहे, हे कुणी तुमच्या कानावर घातलं असेलच. सरकारी नोकराला पंच म्हणून बोलावलं की जावं लागतं. फॉरेस्ट गार्डने लिहायचं आणि आपण सही करायची, एवढंच पंचाचं काम. तो कागद काही फार टिकणार नाही. वकील चांगला बघा.

एक काम होतं. माझी काड्यांची वही तुमच्या ओट्यावर राहिली आहे. तीच, निळ्या पुठ्ठ्याची, आपण दोघांनी दोन हिवाळे पानगळीतल्या काड्या दोऱ्याने शिवून भरलेली. इथल्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिथे मांडावी म्हणतो. घोटीला येणाऱ्या कुणाच्याही हाती एस.टी. स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे ठेवली तरी मला मिळेल. झुंबरवहिनींना नमस्कार.

जयराम आहेर


नाशिक, ९ नोव्हेंबर १९९६

सहादूभाऊ, रामराम.

दिवाळीला रूपालीचं कार्ड आलं. अक्षर सुधारलंय. तुमचा मात्र त्यात एकही शब्द नव्हता. केस चालूच आहे, दर दोन महिन्यांनी तारीख पडते, तालुक्याला जाऊन दिवसभर बाहेर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, एवढं तिने लिहिलं. तुम्ही आता रानात जात नाही, असंही लिहिलं. ते वाचून मला करमेना.

तुम्ही रानात जात नाही म्हणजे काय, ते मला कळतं. मी देवळ्याचा. आमच्याकडे कांद्याचे वाफे आणि बांधावर चार बाभळी. तुमच्या वाडीवर पहिल्यांदा आलो तेव्हा हिवाळ्यातलं रान बघून म्हणालो होतो, इथली सगळी झाडं वाळली की काय. तुम्ही हसला नव्हता. एक काडी मोडून हातात दिलीत आणि म्हणालात, "गुरुजी, डोळे मिटा आन् बोटं फिरवा. पान गेलं म्हनून झाड गेलं नाय."

तेव्हापासून सगळं तुम्हीच शिकवलंत. पान गळतं तिथे काडीवर त्याचा व्रण राहतो. तो व्रण एकाआड एक आहे की समोरासमोर, कळी टोकाला आहे की बगलेत, साल नखाने खरवडली तर खाली हिरवं दिसतं की पिवळं, वास कसला येतो. मोईची काडी जाड आणि नरम, पांगाऱ्याला काळे काटे, सागाची काडी चौकोनी. मी वहीत लिहीत गेलो आणि पुढे लोक मलाच झाडांचा जाणकार म्हणायला लागले. मी कुणाला अडवलं नाही.

त्या पंचनाम्याच्या दिवशीचं सांगायचं तर संध्याकाळ झाली होती, अंधारून आलं होतं. काड्यांचा भारा मला नीट दिसलाच नाही. गार्डही नवा, खालच्या मुलुखातला. चूक कुणाचीही होऊ शकते.

वही सापडली का? प्रदर्शन होऊन गेलं, पण मला ती हवी आहे.

जयराम


नाशिक, २ फेब्रुवारी १९९९

सहादूभाऊ,

आज शाळेतून येताना रस्त्यावरचा शिरीष पाहिला. एक पान नाही, नुसत्या शेंगा वाजतायत. मुलांना थांबवून म्हणालो, हे कोणतं झाड? कुणाला येईना. मग मी काडी मोडून दाखवली, तुमच्याच शब्दांत सांगितलं. एक पोरगी म्हणाली, "सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, पुस्तकात आहे. घरी येऊन जेवण गेलं नाही. लताने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

मी तुम्हाला मागे लिहिलं होतं की अंधारून आलं होतं. दुपारचे अडीच वाजले होते. टेम्पोवाल्यानेही घाई केली नव्हती. तो तासभर बिड्या ओढत थांबला होता आणि मी तुमच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेशी जाऊन परत आलो होतो.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. एकतर हे पत्र रूपाली वाचणार. तिने माझ्या हाताखाली मुळाक्षरं गिरवली आहेत, आणि माझ्याबद्दल जे वाचायचं ते तिने स्वतःच्या तोंडाने बापाला वाचून दाखवायचं, हे मला सहन होत नाही. तुम्हाला वाचता आलं असतं तर मी केव्हाच सगळं लिहून मोकळा झालो असतो, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही, हीच माझी सोय झाली आहे.

वहीचं पुन्हा विचारत नाही.

जयराम


नाशिक, १४ जानेवारी २००१

सहादूभाऊ, तिळगूळ घ्या.

परवा शाळेत शिपाई समन्स घेऊन आला. आठ मार्चला तालुक्याच्या कोर्टात पंच म्हणून माझी साक्ष आहे. मुख्याध्यापकांसमोर सही करून घेतलं. 

सरकारी वकिलांना भेटलो. गृहस्थ चांगले आहेत, घाईत होते. म्हणाले, "गुरुजी, सही तुमची आहे एवढं सांगा. पुढचं काही विचारलं तर सहा वर्षं झाली, आठवत नाही म्हणा. पाच मिनिटांचं काम." लताचंही तेच म्हणणं. आमचा प्रफुल्ल यंदा बारावीला आहे, माझी नोकरीची सात वर्षं उरली आहेत. खोटा पंचनामा केला म्हणून उद्या खात्याने नोटीस काढली तर काय करायचं, असं ती विचारते. तिला सगळं माहीत आहे. तिला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

"आठवत नाही" म्हटलं तर तुमचं नुकसान होतंच असं नाही, असं मी रोज मनाशी मांडतो. तुमचा वकील बघेल काय ते. पण पुरावा म्हणून तुमच्याविरुद्ध माझ्या सहीशिवाय दुसरं काहीच नाही, हेही मला माहीत आहे. तुमच्या बांधावरच्या शिवणीच्या झाडांचे ओंडके आधीच घोटीच्या ढोलक्या बनवणाऱ्याकडे गेले होते आणि तो घाबरून कानावर हात ठेवतो. बुडखे तुम्ही खाचर वाढवायला खणून काढलेले, वर भाताच्या रोपांसाठी राब भाजलेला. मागे उरला तो फक्त एक काड्यांचा भारा. त्याच आठवड्यात शेजारच्या सरकारी रानातून पाच साग चोरीला गेले होते, आणि भारा सागाचा आहे असं एका गुरुजींनी सांगितलं.

तुम्हाला शिक्षा झाली तर ती त्या एका वाक्याची होईल. मी काय करावं हे तुम्हाला विचारणं निर्लज्जपणाचं आहे, आणि तरी विचारतोय.

जयराम


नाशिक, २६ फेब्रुवारी २००१

सहादूभाऊ,

आज पोस्टाने वही आली.

रूपाली, हे पत्र मोठ्याने वाच. मध्ये काही गाळू नकोस. तुझ्या आईलाही ऐकायला बसव.

पार्सल उघडलं तेव्हा मी एकटाच घरात होतो. पुठ्ठ्याला कसर लागू नये म्हणून तुम्ही आत कडुनिंबाचा पाला घातला होता. त्यात रूपालीची चिठ्ठी होती, मी ती इथे उतरवून काढतो, कारण तुमच्या तोंडचे शब्द मला सहा वर्षांनी मिळाले: "बाबा म्हणत्यात, वही गुरुजींची हाय, त्यांना देऊन टाक. वकिलाला कुठूनतरी कळलं होतं, त्यानं दोनदा मागितली, बाबांनी दिली नाय. म्हणले, ही वही कोर्टात गेली तर गुरुजींची नोकरी जाईल, त्यांचं पोरगं शिकायचं हाय."

मग मी वहीतलं शिवणीच्या काडीचं पान काढलं. काडी जशीच्या तशी आहे. खाली माझं अक्षर: "शिवण. व्रण सागासारखे समोरासमोर, पण काडी गोल, फिकट, अंगावर पांढुरके ठिपके. साग चौकोनी. फसू नये. दि. १२ जानेवारी १९९५."

पंचनामा सत्तावीस जानेवारीचा आहे. पंधरा दिवस आधी मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, फसू नये.

आता जे सहा वर्षं लिहिलं नाही ते लिहितो. मी ही वही परत मागत होतो ती प्रदर्शनासाठी नाही. मला ती जाळायची होती. दुसऱ्या कुणाकडे हा पुरावा नव्हता, आणि तुमच्याकडे आहे हे तुम्हाला कळलेलं नसेल असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला वाचता येत नाही, पण कोणत्या पानावर कोणती काडी शिवली आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सव्वीस जानेवारी तुम्हाला आठवत असेल. झेंडावंदनाला केंद्रप्रमुख आले होते. मी टेबलावर काड्या मांडल्या होत्या आणि पाहुण्यांना दाखवत होतो. एक उचलून म्हणालो, हिरडा. तुम्ही मागे उभे होतात, तिथूनच म्हणालात, "गुरुजी, ही हिरड्याची नाय, बेहड्याची हाय. शेंड्याला व्रण बगा कशे दाटीवाटीनं बसलेत." तुमच्या आवाजात काहीच नव्हतं, रोज रानात सांगायचात तसंच सांगितलंत. पण सगळे हसले. केंद्रप्रमुख हसले, पोरं हसली. "म्हणजे खरे गुरुजी हे," असं कुणीतरी म्हणालं. मीही हसलो, आणि रात्रभर जळफळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्ड शाळेत आला. त्याला खरंच कळत नव्हतं, त्याच्यावर मी काही ढकलत नाही. म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला झाडांतलं कळतं म्हणतात. जरा चला." तुमच्या अंगणात भारा पडला होता. तुम्ही म्हणालात, "सायेब, शिवण हाय, माझ्या बांधावरची." आणि माझ्याकडे बघितलंत. निर्धास्तपणे बघितलंत, गुरुजी आलेत म्हणजे आता काही काळजी नाही, असं. मी एक काडी उचलली. बोटांत फिरवली. ती गरगर फिरली, कुठे अडकली नाही. सागाची असती तर कडांना अडकली असती. त्या क्षणी मला पक्कं कळलं होतं. गार्डने विचारलं, "साग ना?"

मी म्हणालो, "सागच."

भीती नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. काल तुम्ही मला खोटं पाडलंत, आज मी तुम्हाला पाडतो, एवढंच होतं. मला वाटलं, गार्ड दोन शब्द बोलेल, दंडाची पावती फाडेल, दोन दिवसांनी मी जाऊन मिटवून टाकीन. तुम्हाला गाडीत बसवलं तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी. मग अकराव्या दिवशी. जसजसे दिवस गेले तसतसं बोलणं अवघड होत गेलं, आणि मग बदली झाली तर मला बरंच वाटलं.

 मला वाटत होतं, तुम्हाला वाटलं असेल की गुरुजी चुकले. आज कळलं, तुम्हाला सगळं तेव्हाच कळलं होतं. काडी माझ्या बोटांत फिरताना तुम्ही बघत होतात.

माफी मागण्याचं तोंड नाही. आठ तारखेला येतो. वही घेऊन येतो.

जयराम


नाशिक, २३ मार्च २००१

सहादूभाऊ, रामराम.

काल निकालाच्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही, आणि झालं तेही चारचौघांत. म्हणून लिहितो. कोर्टाने काल वही परत दिली, तिच्याबरोबर हे पत्र पाठवतोय.

आठ तारखेचं मी तुम्हाला सांगायचं कारण नाही, तुम्ही समोरच्या बाकावर बसून ऐकत होतात. पण मला कसं वाटत होतं ते तुम्हाला बाहेरून दिसलं नसेल. भाऱ्याचं सील फोडलं तेव्हा आतून धूळ निघाली आणि मला वाटलं, काड्यांचा भुगा झाला असेल, सुटलो. इतका मी शेवटपर्यंत नालायक. पण काड्या शाबूत होत्या. व्रणसुद्धा दिसत होते. सरकारी वकिलांनी सही ओळखायला लावली, मी ओळखली. मग मी म्हणालो, सही माझी आहे, मजकूर खोटा आहे, आणि खोटा आहे हे सही करताना मला माहीत होतं. ते चिडले. मला फितूर साक्षीदार ठरवून उलट तपासणी सुरू केली. पान नाही, फूल नाही, फळ नाही, सहा वर्षांची वाळलेली काटकी, आणि हे शिक्षक छातीठोकपणे झाडाचं नाव सांगतात, हे त्यांना पटेना. त्यांचं बरोबरच होतं. सहा वर्षांपूर्वी मीही असाच छातीठोकपणे बोललो होतो.

मग मी सांगत गेलो. वही न्यायाधीश साहेबांच्या टेबलावर ठेवली. सागाची काडी त्यांच्या हातात दिली, फिरवून बघा म्हणालो, मग भाऱ्यातली दिली. साहेब बराच वेळ दोन्ही फिरवत होते. वकिलांनी विचारलं, "ही विद्या तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात?" मी म्हणालो, "आरोपीकडून." तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. मला तुमचं तोंड बघायचं होतं.

काल साहेबांनी तुम्हाला निर्दोष सोडलं तेव्हा झुंबरवहिनी रडल्या, मीही भिंतीकडे तोंड करून रडलो. मला खात्याची नोटीस येईल, साहेबांनी तसं निकालपत्रात लिहिलंच आहे. लता कालपासून माझ्यावर चिडलेली होती. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "झालं ते बरं झालं, निदान आता रात्री कूस बदलत बसणार नाही तुम्ही." नोटिशीचं उत्तर मी खरं तेच लिहीन.

आवारात मी तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो. हात जोडले.  तुम्ही माफ केलं असं म्हणाला नाहीत. तुम्ही तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होतो, पण होती. मी वाट बघत उभा होतो. दोन्ही वकील, तो गार्ड, रूपाली, सगळे बघत होते. मग तुम्ही म्हणालात,

"गुरुजी, कोर्टात येक चुकलं तुमचं. शिवणीची काडी आख्खी गोल नसती. अगदी कवळ्या शेंड्याला जराशी कोनदार लागती. खाली गोल व्हती. शेंडा धरून सांगाल तर फसाल."

सगळे हसले. गार्डसुद्धा हसला. मी खिशातून पेन काढलं, तर तुम्ही म्हणालात, "आता नगं, बस आली. घरी जाऊन लिवा." आणि चढलात.

घरी येऊन लिहिलं. शिवणीच्या पानावर, जुन्या मजकुराखाली: "वरील नोंद अपुरी. कोवळा शेंडा किंचित कोनदार, जून भाग गोल. शेंड्यावरून ठरवू नये. दुरुस्ती सांगणारे, सहादूभाऊ. दि. २२ मार्च २००१." पुठ्ठ्यावर माझं एकट्याचं नाव होतं, तेही खोडलं. तिथे तुमचं लिहिलं आणि खाली, लेखनिक, जयराम आहेर.

वही तुमच्याकडेच राहू द्या. मागची अकरा पानं कोरी आहेत. यंदाची पानगळ अजून संपलेली नाही. रूपाली म्हणाली, तुम्ही रानाकडे बघतसुद्धा नाही. एकदा जा. आणि तुम्हाला चालत असेल तर मला कळवा. मी घोटीला उतरून वाडीपर्यंत चालत येईन, आणि तुम्ही बोलावल्याशिवाय पायवाटेच्या पुढे येणार नाही.

जयराम